दिवसातून किती वेळा

महादेवीताई मोबाईल डोक्यावर धरून अंगणवाडीतून निघाल्या आणि रेंज शोधत शोधत ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी येऊन थांबल्या. गावात रेंज एवढ्या एकाच जागी यायची. ओट्यावर भिंतीला पाठ लावून सात म्हातारे बसले होते. तेही बहुधा रेंजसाठीच बसत असावेत. दुसरं काही काम करताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

ताईंच्या मागं राजेश्री. कडेवर चौदा महिन्यांची अपेक्षा, पदर कपाळाखाली ओढलेला आणि त्याचं टोक दातात. कारण सातांत मधोमध बसलेले मुंजाजी तिचे सासरे होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं, रीत होती. सांगायचं ते सासूमार्फत जायचं आणि चहाचा कप उंबऱ्यावर ठेवला जायचा.

"मुंजाजीबापू, नातीचं वजन अजून पिवळ्या रेघंतच हाय, कमी भरतंय," ताई म्हणाल्या. "खाऊची पाकिटं चालू ठेवायची तर आईचा चेहरा मोबाईलला दाखवावा लागतोय. आज शेवटचा दिवस. न्हाईतर नाव उडतंय. बँकेत यायचे पैसेबी त्याच नावावर हायत."

"दाखवा की. न्हाई कोण म्हनलंय?" मुंजाजी म्हणाले. "पर वजनाचं मला सांगू नका. आमी दोन वक्त जेवतो, ती बी दोन वक्त जेवती. माझ्या घरात कुनी उपाशी न्हाई."

ताईंनी मोबाईल राजेश्रीसमोर धरला. मोबाईलनं तिच्याकडं पाहून नापसंती कळवली. त्याला कपाळ हवं होतं. दोन्ही कानही हवे होते. मुंजाजींनी आभाळात काही महत्त्वाचं दिसतं का ते पाहिलं.

"आमी उठतो," ते म्हणाले.

"तुमी कुठं उठता? ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येनार. हितून हाललात की रेंज गेली."

"मग बाकीच्यांनी उठावं."

बाकीच्यांत हालचाल दिसली नाही. किराणा दुकान मुलाच्या हवाली करून ओट्यावर रुजू झालेले ईश्वरअप्पा म्हणाले, "गुडघे दुमडायलाच मला अर्धा घंटा लागलाय. आता उठवता व्हय?"

एवढ्यात मोबाईलनं दुसरी हरकत घेतली. चौकटीत चेहरे नऊ दिसतात, एकच असावा.

रीत आणि सरकार यांचं गावात पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"फिरा," मुंजाजी म्हणाले.

कुरकुरत, एकमेकांच्या खांद्याला धरत सातही जण बसल्या जागी फिरले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

राजेश्रीनं अपेक्षाला ओट्याच्या पायरीवर बसवलं. दातातला पदर सोडला, डोक्यावरचा खांद्यावर घेतला, केस कानांमागं सारले.

"डोळे मिचकाव," ताई म्हणाल्या.

तिनं मिचकावले. मोबाईलनं ओळखलं. लगेच मुंजाजींच्या खिशात टिंग वाजलं. त्यांनी मान न वळवता मोबाईल काढला आणि हात पाठीमागं केला. ताईंचे दोन्ही हात गुंतलेले होते. राजेश्री जरा थांबली, मग पुढं झाली आणि सासऱ्यांच्या हातातून मोबाईल घेतला. उंबरा मध्ये नव्हता. तिनं आकडे हळू आवाजात ताईंना सांगितले.

"झालं. नाव राहिलं," ताई म्हणाल्या.

तिकडं सात जणांना करमणूक नव्हती. भिंतीवर चार वर्षांपूर्वी कोणीतरी पिवळ्या रंगात बालसंगोपन लिहून गेलं होतं. ते गावातल्या झाडून सगळ्यांना वाचता येत होतं, फक्त या सातजणांची त्याच्याकडं पाठ असायची. चार वर्षांत पाठींनीही आपलं काम केलं होतं. प्रत्येकाच्या जागी अक्षरं घासून गुळगुळीत टक्कल पडलं होतं.

"बाळाला... दिवसातून..." ईश्वरअप्पा अक्षरं लावत म्हणाले, "वेळा खाऊ घाला. मधलं कुटं गेलं? मुंजाजी, तुमच्या पाठीखाली गेलं की हो."

मुंजाजींनी निरखून पाहिलं. टक्कल त्यांचंच होतं. रुंदी बरोबर जुळत होती.

"दोन असंल," एक जण म्हणाला.

"तीन," दुसऱ्यानं वाढवलं. "सरकार हाय, तीनच्या खाली काय लिवतंय."

मुंजाजी बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. मग त्यांनी भिंतीलाच विचारलं, "किती वेळा?"

पायरीवर अपेक्षा स्वतःची मूठ चोखत होती. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"पाच, मामा."

आवाज ताईंचा नव्हता. सातांपैकी एकही मान वळली नाही.

मुंजाजींनी कनवटीची चंची काढली. तंबाखू काढली नाही. चुन्याची डबी उघडली, बोटावर चांगला ढेकूळभर चुना घेतला आणि त्या टकलावर मोठा पाच काढला. आकडा थोडा तिरका आला. खालची शेपटी त्यांनी पुन्हा एकदा गिरवली.

दोघी गेल्यावर सगळे परत फिरून भिंतीला टेकले. मुंजाजी मात्र वीतभर बाजूला सरकून टेकले.

आठवडा झाला, ते तसेच बसतात.

"सरका की तिकडं," ईश्वरअप्पा रोज म्हणतात. "माझ्या मांडीवर बसताव का?"

"ओलं हाय तितं," मुंजाजी म्हणतात.

चुना वाळायला किती वेळ लागतो, हे ईश्वरअप्पांना ठाऊक आहे. चाळीस वर्षं त्यांनी तो विकलाय. ते थोडं अंग चोरतात आणि जागा करून देतात.