आकुर्डीच्या चढावर

“आसूड आण!” आबाजी ओरडला.

ज्योतीराम उकिडवा बसला होता, तो धडपडत उठला. गाडीला अडकवलेला आसूड त्यानं बापाच्या हातात दिला आणि पाठ वळवली. मार खायचा तर आसूडही आपणच आणून द्यायचा, ही आबाजीच्या घरातली शिस्त. गोल चेहऱ्याच्या, बारीक तिरक्या डोळ्यांच्या त्या विशीतल्या पोराला गाव येडा म्हणायचं. पण एवढी रीत त्याला चोख पाठ होती.

पहिल्याच फटक्याला पैरण टरकली.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता. त्याच्या भिंतींसाठी आबाजी गाडीतून दगड नेत होता. मघाशी चढ लागला आणि जोडीतला सर्जा खाली बसला. आबाजीनं त्याच्यावर आसूड उगारला नाही. तोंड उघडून पाहिलं, जीभ काळीनिळी दिसली, तसं लगोलग जू सोडलं, पाणी पाजलं. मुक्या जिवाचे हाल करणारा माणूस नव्हता तो! मग बैलाचा भार हलका करायला त्यानं गाडीतले दगड पाटीत भरले आणि पाटी ज्योतीरामच्या डोक्यावर दिली. जरासं चढून पोरानं पाटी टाकली आणि मटकन बसकण मारली.

“सोंग करतंय बेणं! खायला काळ अन् भुईला भार!”

दुसरा फटका. तिसरा. पाठीवरून रक्ताचे ओघळ आले. ज्योतीराम पुन्हा गुडघे पोटाशी घेऊन बसला. बसलेल्याच्या मानेवर आबाजीनं आणखी एक ओढला.

ज्योतीरामची आई गोजाबाई भाकरी घेऊन येत होती. भाकरीची पाटी फेकून ती धावली. एरवी ती नवऱ्याच्या पाया पडायची, आज पडली नाही. तिनं पोराचा जबडा धरून उघडला आणि नवऱ्यापुढं केला.

“चाकणच्या बाजारात जनावराचं तोंड उघडून बगता न्हवं? आज ह्याचं बगा! चिंचवडच्या डाक्टरनं सांगितलं व्हतं, ही पोरं जल्मताच अशी असत्यात, कुनाच्या पापानं न्हाई. ह्याच्या काळजाला भोक हाय. दम कोंडला की बसतो, बसला की वाईच बरं वाटतं त्येला. सोंग न्हाई त्ये!”

ज्योतीरामची जाड जीभ सर्जाच्या जिभेहून निळी होती. ओठ निळे. नखंसुद्धा निळी.

आबाजीच्या हातातून आसूड गळला. डॉक्टरचं बोलणं त्यानं तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. बाजारात कितीतरी जनावरांची तोंडं उघडली, पोटच्या पोराचं एकदाही नाही. त्याला स्वतःची शिसारी आली. तो तिथंच मातीत बसला. पोराच्या पाठीकडं हात नेला, पण लावायचा धीर होईना.

हळूहळू ज्योतीरामची धाप उतरली. ओठांवर जरा रंग आला. समोर पडलेला आसूड त्याला दिसला. तो उठला. आसूड उचलून त्यानं धूळ झटकली, बापाच्या हातात दिला आणि पाठ वळवली.