झिजेचे किती कापणार

डीलरने बॉनेट उघडलं आणि पहिला प्रश्न नवऱ्याला विचारला. साहेब, इंजिन कधी खोललंय का? नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. डीलरने मान डोलावली, तीही साहेबांकडे बघून. तेल कुठलं घालता, कुठे ठोकली होती का, मधे कधी उभी होती का, सगळे प्रश्न साहेबांना आणि सगळी उत्तरं तिची. साहेब परक्या देशातून आलेले आणि ती त्यांची दुभाषी, असा तो प्रकार चालला होता.

गाडी तिची होती. दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. अठरा वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पगारातून नवीकोरी घेतलेली, कागदांवर तिचं एकटीचं नाव. आता डाव्या गुडघ्याची वाट लागली होती आणि क्लच दाबायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून विकायची. पण कवडीमोलाने नाही आणि खोटं बोलूनही नाही, हे तिने घरून निघतानाच नवऱ्याला सांगितलं होतं. तो हो म्हणाला होता. हो म्हणायला त्याचं काय जात होतं.

डीलर धंद्यात मुरलेला होता. त्याने बोटांनी पत्रा वाजवून पाहिला, दारांच्या फटी पाहिल्या, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या वरचं, छताजवळचं धरायचं हँडल ओढून पाहिलं. ते ढिलं होतं. हे कशाने, त्याने विचारलं. नवरा टायर न्याहाळू लागला. मग तो गाडीखाली सरकला आणि बाहेर आला तो हसतच.

"वा साहेब. ब्रेकच्या डिस्क पार खाल्ल्यात. घाटात पिळून काढलेली दिसते. हात आहे तुमचा."

साहेबांचं लायसन्स पाकिटात होतं आणि पाकिटातच राहिलं होतं. घाट लागला की ते डोळे मिटून घेत आणि उतार संपला का, एवढंच अधूनमधून विचारत. आता मात्र त्यांनी पँट वर ओढली आणि म्हणाले, "असतो एकेकाला शौक."

तिची कानशिलं तापली. त्या घाटातलं एकेक वळण तिने कित्येक पहाटे घासून घासून हातात बसवलं होतं. पण आपला नवरा अजून किती पुढे जातो ते तिला बघायचं होतं.

तो पुढे गेलाच नाही, मागे फिरला. डीलरने हिशोब मांडायला घेतला होता. अशा गाडीला बाजारात साडेसात लाख मिळतात हे त्याने मान्य केलं आणि लगेच कात्री चालवली. क्लच संपत आलाय, डिस्क नव्या लागतील, टायर नवे लागतील, असं करत करत तो साडेचारवर आला. साडेचार ऐकताच साहेबांचा शौक ओसरला.

"ते क्लचचं वगैरे हिचं हं," नवरा म्हणाला. "बायकांचा पाय क्लचवरून उठतच नाही."

"तरीच," डीलर म्हणाला आणि दोघं हसले. "वहिनी, राग मानू नका."

राग मानू नका म्हणे. शाबासकी घ्यायला साहेब आणि भुर्दंड भरायला वहिनी. दोघांनाही बॉनेटखाली घालून वरून झाकण लावावं, असं तिला मनापासून वाटलं. तिने पर्समधून किल्ली काढली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली.

"अहो, गाडी जरा पुढे घ्या, उजेडात. इंजिनाचा आवाजही ऐकू दे त्यांना."

"मी?"

"हात आहे ना तुमचा."

नवरा उंचापुरा. त्याने आधी एक पाय आत घातला, मग डोकं, मग उरलेलं शरीर कसंबसं कोंबलं. गुडघे वर आले आणि स्टिअरिंग पोटात रुतलं. सीट मागे सरकवायला त्याने खाली हात घालून खटका शोधला. खटका सापडला, ओढला, सीट हलली नाही. डीलर मदतीला वाकला. दोघांनी मिळून जोर लावला, पण सीटखालच्या पट्ट्या गंजून घट्ट बसल्या होत्या.

डीलर सरळ झाला. त्याने साहेबांच्या दुमडलेल्या पायांकडे पाहिलं, पेडलकडे पाहिलं, मग तिच्या उंचीकडे. त्याला कळायला वेळ लागला नाही. पण धंद्याची सवय जाते कुठे.

"सीट जाम आहे," तो पुटपुटला. "तिचे वेगळे कापावे लागतील."

"क्लचचे कापा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तो मी संपवला. डिस्क मी खाल्ल्या, टायर मी झिजवले. रास्त असेल ते सगळं कापा. सीटचा एक पैसा कापायचा नाही. अठरा वर्षांत ती हलवायची वेळच आली नाही."

डीलरने हिशोब पुन्हा मांडला. या वेळी त्याने साहेबांकडे पाहिलं नाही.

"साडेपाच, ताई. इंजिन एका हातात राहिलंय, त्याचे धरून."

तिच्या मनातला आकडा तोच होता. ती हो म्हणाली, तरी राग उतरला नाही.

गाडी शेडमध्ये लावायची होती. नवऱ्याला हात धरून बाहेर ओढावं लागलं. ती बसली, क्लच पूर्ण दाबला, गुडघ्यातून कळ गेली ती तिने गिळली. नवरा सवयीने पलीकडच्या दाराने आत येऊन बसला. इंजिन गुरगुरलं तसा त्याचा हात आपोआप वर गेला आणि त्याने छताजवळचं ते ढिलं हँडल गच्च धरलं.

डीलर खिडकीशी वाकला होता. तो त्या हाताकडे बघत राहिला.

"आणि ताई, या हँडलचे?"

"ते साहेबांकडून घ्या," ती म्हणाली आणि तिने गिअर टाकला.