दहा मीटरचा नेम

टेप पुढच्या दारापासून निघाली आणि साडेनऊ मीटरवर देव्हाऱ्याला अडली.

"राहू द्या आई," सून ऋजुता म्हणाली. "दहा मीटर लागतात म्हणजे लागतातच." एअर रायफलच्या राज्य संघाची निवड दोन महिन्यांवर आली होती आणि कोल्हापूरची नेमबाजीची रेंज दीड तासावर. घरात रेंज झाली नाही, तर यंदाही तिची संधी जाणार होती.

"देव स्वयंपाकघरात नेऊ," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी जपमाळ थांबवली. "चाळीस वर्षं इथेच बसतोय. माझा नेम मोडायचा का आता?"

"तुमचा नेम मोडत नाही, चार पावलं सरकतोय. आणि ती तरी काय करते? नेमच धरते. श्वास आवरून, मन एका ठिपक्यावर. बुवांनी काल कीर्तनात तासभर हेच सांगितलं. तुम्ही पेंगत होतात."

सासरे हसले आणि स्वतःच देव उचलायला उठले. देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर छर्रे अडवणारी लोखंडी पेटी बसली, तिच्यात कागदी लक्ष्य. दोन महिने सकाळी आधी पूजेची घंटा वाजायची, मग दारं लावून छर्रे सुटायचे.

निवडीच्या दिवशी सासऱ्यांचा फोन भर कीर्तनात वाजला. बुवा चिपळ्या थांबवून बघत राहिले. फोन ऐकून सासरे उभे राहिले. "आमची सून पहिली आली," ते म्हणाले, आणि सभामंडपात टाळ्यांचा गजर झाला. बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून तिच्यासाठी दिला.

घरी येताच सासऱ्यांनी तो आधी लोखंडी पेटीला घातला.