मातीनं खाल्लेलं कापड

हिरड्याची झाडं तोडल्यापासून बनाबाईंच्या वेल्ह्याजवळच्या उतारावर गवतही उगवत नव्हतं. माती मेलीच असेल, तर बनाबाई तो उतार प्लॉटवाल्याला विकणार होत्या. म्हणून मातीचं शास्त्र शिकलेल्या श्रावणीनं दोन महिन्यांपूर्वी तिथं सुती कापड पुरलं. जिवंत माती कापड खाते.

आज ते उकरून तिनं उन्हात धरलं. भोकंच भोकं!

"मावशी, जिवंत आहे तुमची माती!"

"मग इकतंय कोण!" बनाबाई हसल्या आणि कापड न्याहाळू लागल्या. "पोरी, ह्यो तर आपला उतारच. जितं हिरडा व्हता तितंच भोक. एकवीसच्या एकवीस."

"आणि हे बाविसावं?"

"तितं झाड नव्हतं. तितं आपण हुब्या हाय."

श्रावणीच्या डोळ्यांदेखत ते भोक रुंदावत गेलं.

"खाऊ दे," बनाबाई आनंदानं म्हणाल्या. "लई वर्सं उपाशी व्हती."