परतीची अर्धी वाट

विमानतळाच्या दारावरच्या काचेवर तळहात टेकला की कुमुदताईंच्या आयुष्यातला एकुलता एक विमानप्रवास सुरू होणार होता. माणशी एकदाच जायचं, एकदाच यायचं, असा जगभरचा कायदा होता. ट्यूलिपचे मळे बघायचे म्हणून दोघा नवरा-बायकोंनी आपापला प्रवास जपला होता. कधी सासूबाईंचं आजारपण आडवं आलं, कधी गुडघे.

"अहो, राहू द्या. उद्या टोरांटोत शर्वरीला माझी गरज लागली तर कशी जाऊ?"

दिगंबररावांनी लेकीला फोन लावून दिला.

"आई, रांग खोळंबली असेल! गरज लागली तर मीच येईन. माझा जाण्याचाच प्रवास झालाय, परतीचा तसाच ठेवलाय."

"आणि मग पुन्हा तिकडे?"

"नाही जाता येणार. ठाऊक आहे मला."

कुमुदताई म्हणाल्या, "मग मी कधी बोलावणारच नाही तुला."

"बघू. आधी फुलं तर बघून ये."

निघताना शेजारणीनं हातावर घातलेल्या दहीसाखरेनं तळवा अजून चिकट होता. कुमुदताईंनी तो पदराला पुसला आणि काचेवर टेकला.