राखीव माणूस

“आपली वस्ती मी एका दिवसात वाढवून दाखवतो,” न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासत म्हणाला. “तुम्ही नुसतं बघत राहा.”

वस्तीकडे वीस वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता नगरपालिकेच्या कार्यालयाने ठरवलं होतं, पाच हजार माणसं भरली तर गल्ल्या नव्याने बांधायच्या आणि प्रत्येक घरप्रमुखाला रस्त्यालगत पक्का गाळा द्यायचा. न्हाव्याचं दुकान म्हणजे पत्र्याखाली एक खुर्ची. गाळ्याच्या नावाने त्याची झोप उडाली होती. आणि मागच्या मोजणीत वस्ती नेमकी दहा माणसांनी कमी पडली होती.

त्याने मेव्हण्याचं कुटुंब बोलावून घेतलं. ते निघाले अकरा.

“अहो, दहाच हवेत ना?” बायको म्हणाली.

“एक राखीव.”

मग सगळ्यांना ओळीत बसवून त्याने पढवलं. पाहुणे म्हणायचं नाही. आम्ही इथलेच, जन्मापासूनचे. मेव्हणा तसा मठ्ठ, पण एवढं त्याला एका दमात पाठ झालं.

राहिली अंथरुणं. अकरा माणसं काय फरशीवर झोपतात? मोजणीच्या सकाळी न्हावी भाड्याच्या गाद्या आणायला पळाला. परतला तेव्हा मोजणीवाल्या बाई वही उघडून दारातच उभ्या. याच्या डोक्यावर चार गाद्या, दोन्ही बगलांत उशा.

“तुम्ही याच घरातले?”

न्हाव्याचं डोकं भराभर चाललं. घरचा माणूस सकाळी सकाळी गाद्या का आणेल? घरात पाहुणे आलेत, हे शेंबडं पोरही ओळखेल.

“छे हो, मी गादीवाला! माल पोचवायला आलोय.”

बायको तोंड उघडणार, तोच त्याने तिला डोळ्यांनी दटावलं.

“मग घरप्रमुख कोण?”

“मीच की,” मेव्हणा म्हणाला. “जन्मापासूनचा.”

वस्ती बरोबर पाच हजार भरली. राखीव माणूस कामी आला.

गल्ल्या झाल्या, दिवे लागले. गाळ्याची किल्ली मेव्हण्याच्या हातात पडली. “दाजी, आपलंच दुकान समजा,” असं म्हणून त्याने न्हाव्याला पगारावर ठेवलं.

किल्लीवाटपाला त्या बाईही आल्या होत्या. एवढ्या गर्दीत त्यांनी न्हाव्याला बरोबर ओळखलं आणि दोन गाद्या सांगितल्या. शनिवारी त्याने त्या पोचवल्या.