तीन मिलिग्रॅम

प्लॅटिनमची तार मी वजन करून देतो आणि वजन करूनच परत घेतो. रसायनशास्त्र विभागाचं स्टोअर वीस वर्षं असंच सांभाळलंय. आज महिन्याभराने परत आलेली तार तीन मिलिग्रॅम कमी भरली.

"मॅडम, तुकडा कापलात का?" मी सरळच विचारलं.

शर्वाणी मॅडमचं पीएचडीचं चौथं वर्ष. महागडं प्लॅटिनम न वापरता, निकेल आणि मॉलिब्डेनमच्या अतिसूक्ष्म कणांची पावडर लावून विजेच्या मदतीने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, हे त्यांचं काम. तार नुसती समोरच्या टोकाला, वीज पोचवायला. महिनाभर पावडर रोज कालच्यापेक्षा सरस चालत होती. परवा त्यांच्या गाईड सरांनी त्याचे पेढे वाटले, त्यातले दोन मीही खाल्ले.

वाटलं, आता भांडतील. पण त्यांनी तार उजेडाला धरून निरखली. मग वर लॅबमध्ये जाऊन काळी पावडर लावलेला इलेक्ट्रोड घेऊन आल्या.

"काका, तुमचं प्लॅटिनम यावर आहे. तार थोडी थोडी विरघळली आणि इथे येऊन बसली. म्हणून रोज जास्त हायड्रोजन येत होता. माझ्या पावडरीचं काहीच नव्हतं त्यात."

मला त्यातलं अर्धंच कळलं, पण त्यांचा चेहरा पुरता कळला. मी आवाज खाली आणला. "जाऊ द्या मॅडम. पुसताना झिजली म्हणू. एवढ्याशा तारेबद्दल कोण विचारतंय?"

"तुम्ही विचारलंत ना," त्या म्हणाल्या आणि इलेक्ट्रोड घेऊन सरांच्या केबिनकडे निघाल्या.